काचेची घटका

आप्पाकाकांचा फोन आला तो उत्तरपत्रिका तपासण्याच्या ऐन धांदलीत. त्यांना फोनवर हळू बोलता येत नाही. विजयदुर्ग ते दादर हे सारे अंतर आपल्या गळ्यानेच कापायचे आहे अशा बेताने ते बोलतात.

"अगो, पावसाच्या आत आम्ही घर बंद करतो. पुण्याला लेकाकडे जायचं ठरलं. ती काचेची घटका संग्रहालयाला द्यायची म्हणतोय. ते म्हणतात, वस्तूबरोबर तिची माहिती लिहून द्या. तू एम. ए. झालेली, मराठी शिकवतेस. दोन पानं लिहून दे. आंग्र्यांच्या आरमारातली आहे, हे ठसठशीत यायला हवं."

आमच्या घराण्यात सांगण्यासारखी मालमत्ता कधीच नव्हती. चार कलमे हापूसची, पोफळीचा एक तुकडा आणि चिऱ्यांचे घर. पण काचेची घटका होती. दुसऱ्या कुणी तिला वाळूचे घड्याळ म्हटले असते. आमच्या घरात मात्र ती पिढ्यानपिढ्या 'घटका'च. आमचा कुणी पूर्वज तुळाजी आंग्र्यांच्या आरमारात कारकून होता, इंग्रजांनी आरमार जाळले त्या दिवशी त्याने जळत्या जहाजावरून ती काखोटीला मारून आणली, ही हकीकत मी पाळण्यातच ऐकली असणार. तेव्हा उत्तरपत्रिका संपवल्या आणि मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात रात्रीच्या गाडीने निघाले.

कणकवलीला उतरून एसटी धरली. तळेऱ्याला हमरस्ता सोडून गाडी पश्चिमेला वळली, की पुढे पन्नासेक किलोमीटर नुसता कातळ, काजू आणि आंबा. लाल धूळ खिडकीतून आत येते आणि पांढऱ्या साडीचा विचारच करू नये असे बजावून जाते. वडील सांगत, त्यांच्या लहानपणी हा रस्ता कुणाला ठाऊकच नव्हता. विजयदुर्गला यायचे ते बोटीने. मुंबईहून निघालेली आगबोट बंदर घेत घेत यायची, खाडीच्या तोंडाशी उभी राहायची आणि पडावातून माणसे, ट्रंका, आंब्याच्या पेट्या यांची चढउतार व्हायची. वडील १९६० च्या सुमारास मुंबईला शिकायला गेले ते असेच, पडावातून बोटीवर. धक्क्यावर अक्काआत्या एकटी शेवटपर्यंत उभी होती म्हणे. तिच्याविषयी पुढे लिहायचे आहेच.

विजयदुर्ग ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी एकदा तरी पाहावा. वाघोटणच्या खाडीच्या मुखावर, तिन्ही बाजूंनी पाणी आणि तिहेरी तटबंदी. जवळच गिर्ये येथे जहाजांसाठी कातळात खोदलेली गोदी अजून आहे. भरतीच्या वेळी तटावर उभे राहिले, की आपणच पाण्यावर चाललो आहोत असा भास होतो. १७५६ च्या फेब्रुवारीत ॲडमिरल वॉटसन समुद्राकडून चालून आला, बरोबर क्लाइव्ह होता, आणि जमिनीवरून खुद्द पेशव्यांची फौज इंग्रजांना साथ द्यायला उभी होती. एका जहाजाला आग लागली, तिथून ती दुसऱ्याला, आणि दाटीने नांगरलेले आंग्र्यांचे सबंध आरमार पाहता पाहता राख झाले. मराठ्यांनीच मराठ्यांचे आरमार बुडवायला मदत केली, हे इथल्या म्हाताऱ्यांना अजून काल घडल्यासारखे लागते. आप्पाकाका तर नानासाहेब पेशव्यांचे नाव आले की तोंड फिरवतात.

किल्ल्यात साहेबाचे ओटे म्हणून दाखवतात. २२ जानेवारी १८९८ चे खग्रास सूर्यग्रहण पाहायला नॉर्मन लॉकियर हा शास्त्रज्ञ इथे आला होता, त्याच्या दुर्बिणींसाठी बांधलेले हे ओटे. हेलियम वायूचा शोध इथेच लागला असे गावात अभिमानाने सांगतात. वस्तुतः सूर्यप्रकाशातली ती पिवळी रेघ ३० वर्षे आधी, १८६८ साली सापडली होती. त्या वर्षीचे ग्रहण जान्सेन या फ्रेंच शास्त्रज्ञाने पाहिले ते गुंटूरला आणि लॉकियरने रेघ पाहिली ती ग्रहणावाचून, इंग्लंडात. मी हे एकदा लहानपणी पाठ केल्यासारखे आप्पाकाकांना म्हणून दाखवले होते. त्यांनी मला त्या दिवशी आंबा दिला नव्हता.

घर होते तसेच होते. खळ्यात माडाची सावली, पडवीत झोपाळा, माजघरात दिवसाही काळोख. फक्त भिंतीवरच्या तसबिरी उतरल्या होत्या आणि त्यांच्या जागी चुन्याचे पांढरे चौकोन उरले होते. काकूने फडताळातून धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली घटका काढून माझ्या हातात दिली. वीतभर उंचीची लाकडी चौकट, दोन तबकड्या, चार दांड्या. खालची तबकडी केव्हातरी वाळवीने खाल्ली होती, तिच्या जागी गावच्या सुताराने फणसाच्या लाकडाची बसवली आहे. मध्ये दोन काचेचे गोळे, किंचित हिरवट, आणि आत पिठासारखी बारीक वाळू. लहानपणी तिला हात लावायची बंदी होती. मोठेपणी मीच लावला नाही.

मराठी शिकवणाऱ्या बाईच्या हातात घटका आली, की तिला आधी शब्द दिसणार. त्याला इलाज नाही. घटका म्हणजे लहानसा घट. तांब्याची वाटी, बुडाशी सुईएवढे भोक. ती पाण्याने भरलेल्या घंगाळात तरंगत सोडायची. भोकातून पाणी चढत चढत वाटी बुडाली की एक घटका भरली, म्हणजे आजची २४ मिनिटे. एका घटकेची ६० पळे आणि अहोरात्राच्या ६० घटका. लग्नाचा मुहूर्त याच पात्राने साधत. माणूस गेल्यावर 'त्याची घटका भरली' म्हणतो ते याच बुडणाऱ्या वाटीवरून. तास हा शब्द फारसीतला. तास म्हणजे आधी ठोके द्यायची धातूची थाळी, मग ठोक्यांनी मोजलेला काळ. पहारेकरी हा प्रहराचा राखणदार. इंग्रजीत जहाजावरच्या पहाऱ्याला जो शब्द आहे, तोच मनगटावरच्या घड्याळालाही आहे. काळ राखावा लागतो, ही समजूत दोन्हीकडे सारखीच.

पण डुलत्या जहाजावर वाटी आणि पाणी चालणार कसे? तिथे वाळूच हवी. तिला हेलकाव्यांचे फारसे काही वाटत नाही. युरोपीय जहाजांवर अर्ध्या तासाचे वाळूचे घड्याळ असे. ते रिते झाले की खलाशाने उलटवायचे आणि घंटेचा ठोका द्यायचा. आठ वेळा उलटले की चार तासांचा एक पहारा संपला. एकोणिसाव्या शतकात बरेच पुढेपर्यंत ही पद्धत चालू होती.

अर्ध्या तासाचे. हे मला ठाऊक होते, आणि आप्पाकाकांच्या हकीकतीतली 'घटका' २४ मिनिटांची होती, हेही ठाऊक होते. या दोन गोष्टी चाळीस वर्षे माझ्या डोक्यात शेजारी शेजारी नांदल्या, पण त्यांची एकमेकींशी ओळख कधी झाली नव्हती.

रात्री सगळे निजल्यावर पडवीत कंदिलाएवढ्या उजेडाचा दिवा लावून बसले. मोबाईलमधले सेकंद मोजायचे घड्याळ सुरू केले आणि घटका उलटवली. पहिल्यांदा २७ मिनिटे १० सेकंद. दुसऱ्यांदा २७ मिनिटे ४ सेकंद. तिसऱ्यांदा मध्येच मांजर आले, तरी २७ च्या पुढेच. आता वाळूच्या घड्याळाचा एक स्वभाव आहे. वाळू गळ्यातून जाता जाता काच झिजवते आणि स्वतःही झिजून बारीक होते. त्यामुळे म्हातारपणी ते घाईला लागते. आज २७ मिनिटांत रिते होणारे घड्याळ पूर्वी अधिकच वेळ घेत असणार. २४ मिनिटांचे ते कधीच नव्हते.

आणखी एक गोष्ट दिसली. जुन्या काळी दोन गोळे वेगवेगळे फुंकून, मध्ये भोकाची चकती घालून, मेण आणि दोऱ्याने जोडत. सबंध काच एकसंध फुंकायची रीत अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात रुळली. आमच्या घटकेच्या कमरेला दोरा नाही, सांधा नाही. ती एकसंध आहे. १७५६ च्या जळत्या जहाजावरून ती यावी, हे कठीण.

झोप येईना, म्हणून पत्रिकांचे बाड सोडले. आमच्या घरात कुणाचा जन्म व्हायचा असला, की बाळंतिणीच्या खोलीच्या दाराशी घरातली वडीलधारी बाई घटका घेऊन बसायची. दिवस असेल तर सूर्योदयापासून, रात्र असेल तर सूर्यास्तापासून उलटायला सुरुवात. दर खेपेला जमिनीवर चुन्याचा एक ठिपका. आतून सुईणीने हाक दिली की ठिपके मोजायचे, उरलेल्या वाळूवरून पळे अदमासायची आणि जोशांना निरोप धाडायचा. पत्रिकेतल्या 'गत घटी' त्या या. बाडातली सगळ्यात जुनी पत्रिका शके १७८२ ची, म्हणजे १८६० ची. तिच्या पाठीवर मोडीत लिहिले आहे, 'काचेचे घटकेप्रमाणे'. मोडी वाचताना मला अजून बोट ठेवावे लागते, पण एवढे लागले.

अकरा पत्रिका निघाल्या. त्यांत शके १८६४ ची एक, म्हणजे १९४२ ची. अक्काआत्याची. गत घटी १३, वर काही पळे.

अक्काआत्याला मंगळ होता. आमच्या घरात हे वाक्य हवामानासारखे बोलले जाई. ती तालुक्याच्या गावी शाळेत शिकवायची. तिच्याच शाळेतल्या एका शिक्षकाने तिला मागणी घातली होती. त्याला मंगळ नव्हता, आणि मुलाच्या जिवाशी खेळ नको म्हणून आजोबांनी नकार कळवला. त्यानंतरही स्थळे आली आणि गेली. मग येईनाशी झाली. वडिलांचे मुंबईतले शिक्षण तिच्या पगारातून झाले. माझ्या एम. ए.ची फीसुद्धा तिनेच भरली. नऊ वर्षांपूर्वी ती गेली.

तेरा घटका २४ मिनिटांनी धरल्या तर ५ तास १२ मिनिटे होतात. २७ नी धरल्या तर ५ तास ५१ मिनिटे. मी पत्रिका मानत नाही, माझे लग्नही पत्रिका न बघता झाले. पण मोबाईलमध्ये पत्रिका मांडायची सोय असते. मी तारीख घातली, गाव घातले, आधी एक वेळ घातली आणि मग दुसरी. पहिल्या पत्रिकेत मंगळ चौथ्या घरात होता. दुसऱ्या पत्रिकेत लग्न पुढच्या राशीत गेले होते आणि मंगळ तिसऱ्यात. तिसऱ्या घरातल्या मंगळाला कुणी मंगळ म्हणत नाही. मंगळ चौथ्यात असला काय नि तिसऱ्यात असला काय, मला त्याचे सोयरसुतक नाही. पण आजोबांना होते.

सकाळी चहाबरोबर आप्पाकाकांनी विचारले, "झाली का दोन पानं?"

मी त्यांना कमरेचा दोरा समजावून सांगितला. ते बराच वेळ काचेकडे पाहत राहिले.

"म्हणजे आंग्र्यांची नव्हे?"

"तसं म्हणवत नाही, आप्पाकाका. काच त्यानंतरची दिसते."

एवढ्यात त्यांचा चेहरा उजळला. "मग धुळपांची! आनंदराव धुळपांनी 'रेंजर' पकडलं की इंग्रजांचं! आठ एप्रिल सतराशे त्र्याऐंशी! आरमार तेव्हा इथंच होतं. बसली ना तुझी काच?"

ऐंशी पार केलेला माणूस एका घोटात आंग्र्यांवरून धुळपांवर उडी घेऊ शकतो, हे पाहून मला हसू आले. त्याच भरात मी मिनिटेही सांगून टाकली. जहाजावरचे घड्याळ अर्ध्या तासाचे असते आणि आपली घटका झिजूनसुद्धा २७ मिनिटे घेते. ते आनंदाने झोपाळ्यावरून उठलेच. "अर्धा तास? मग बोटीवरचीच ती! लिही, हे आधी लिही! अहो, ऐकलंत का?"

काकू दारात बसून फणसाच्या आठळ्या निवडत होती. तिचा हात थांबला होता.

"म्हणजे ती घटका नव्हेच," ती म्हणाली.

"काय?"

"चोवीस मिनिटांची नव्हे ना? मग वन्संची वेळ कुठली धरली होती?"

कोणी काही बोलले नाही. आप्पाकाका आधी म्हणाले, पत्रिका जोशांनी मांडली, त्यात आपण काय करणार. मग म्हणाले, घरात घड्याळ होते भिंतीवर, पण आई म्हणायची पत्रिकेला घटकाच हवी. मग खळ्यात गेले आणि दुपारी जेवायला हाक मारीपर्यंत तिथेच माडाखाली बसून राहिले. मला वाटले, मी एकदा पुन्हा तोच हेलियमचा पराक्रम केला. या वेळी नुसत्या आंब्यावर भागायचे नाही.

संध्याकाळी तेच म्हणाले, "चल, किल्ल्यावर जाऊन येऊ." त्यांना चढ आता सोसत नाही. पावलागणिक थांबत आम्ही साहेबाच्या ओट्यांपर्यंत गेलो. सूर्य पाण्याला टेकला होता. मच्छीमारांच्या होड्या खाडीत परतत होत्या.

"मोबाईलवर बघितलंस?" त्यांनी विचारले.

"बघितलं."

"मग?"

"तिसऱ्यात."

त्यांनी मान हलवली. बरेच काही आधीच धरून चालले असावेत.

"अक्काने एकदाच विचारलं होतं," ते म्हणाले. "त्या मास्तरांना नकाराचं पत्र लिहीत होते दादा, तेव्हा. मी माजघरात होतो, सोळा-सतरा वर्षांचा. ती म्हणाली, दादा, तेव्हा घटका बरोबर मोजली होती ना? एवढंच. दादा म्हणाले, आंग्र्यांच्या आरमाराची घटका चुकेल काय! आणि मला हसू आलं. मी हसलो, अगो. मला वाटलं, दादांनी काय झकास उत्तर दिलं."

मी काहीतरी म्हणायचे म्हणून म्हणाले, की त्या काळी कुणाला कळणार होते. ते म्हणाले, "मोजायला काय लागत होतं? घड्याळ भिंतीवर होतंच. शेजारी ठेवून एकदा उलटायची होती."

अंधार पडू लागला तसे आम्ही उतरलो. उतरताना त्यांनी माझा हात धरला होता.

रात्री जेवणे झाल्यावर लिहायला बसलो. दोन पाने झाली नाहीत, दीडच झाले. लाकडी चौकट, एकसंध काच, सध्या रिते व्हायला लागणारा वेळ २७ मिनिटे. बहुधा जहाजावरचे अर्ध्या तासाचे घड्याळ. घरात कसे आले याचा कागद नाही. १८६० पासून घरात असल्याचा लेखी पुरावा आहे. 'रेंजर' मी एका ओळीत, शक्यता म्हणून घातले होते. आप्पाकाकांनी ते वाचले, थोडा वेळ कागद हातात धरला आणि म्हणाले, "काढ ते." काकूने भांडी विसळता विसळता आतूनच सांगितले, की ती मोजायला बायका बसायच्या, तेही लिही, सासूबाई बसल्या होत्या, त्यांच्या सासूबाई बसल्या होत्या. ते लिहिले. मग आप्पाकाकांनी अकरा जन्मांची यादी सांगितली. मी सालवारीने लिहीत होते. अक्काआत्याच्या नावाशी ते थांबले आणि म्हणाले, "इथं कंसात लिही, वेळ चुकीची धरली गेली."

"संग्रहालयाला हे कशाला, आप्पाकाका?"

"लिही गं."

मी लिहिले. खाली त्यांनी सही केली. पत्ता पुण्याचा घालायचा की इथला, यावर त्यांचा नि काकूचा थोडा वाद झाला. शेवटी इथलाच घातला.